कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्यक नेमकं काय तपासतो?

युरोपीय संघात जनावर कत्तलखान्याचा मालक कापतो, पण त्याचं मांस खाण्याजोगं आहे की नाही हे ठरवतो सरकारी पशुवैद्यक. त्याचं काम जनावर जिवंत असतानाच सुरू होतं. कोणती औषधं दिली, कळपात कोणते आजार झाले, याची माहिती साधारणपणे 24 तास आधी पोहोचावी लागते. जनावर आल्यापासून 24 तासांच्या आत आणि कापणीच्या आधीच्या 24 तासांतच त्याची तपासणी व्हावी लागते. लंगडणं, धाप, तोल जाणं ही लक्षणं सोललेल्या धडावर शोधून सापडत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये पोलंडमधल्या एका कत्तलखान्याचं छुपं चित्रीकरण टीव्हीवर आलं. उभ्याही राहू न शकणाऱ्या गायी तिथे रात्री, पशुवैद्यक हजर नसताना कापल्या जात होत्या, आणि ते मांस युरोपातल्या दहाहून अधिक देशांत गेलं होतं. ही एक पायरी गाळली, की पुढची कितीही काटेकोर तपासणी ती उणीव भरून काढू शकत नाही.

डुकराच्या मांसात ट्रायकिनेला हा सूत्रकृमी असू शकतो. 1865 मध्ये जर्मनीतल्या हेडर्सलेबेन गावात त्याने शंभरावर माणसं दगावली. डुकराचं मांस सक्तीने सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं, असा आग्रह जर्मन वैद्यक रुडोल्फ विरचो यांनी धरला होता. आज मांस कृत्रिमरीत्या पचवून अळ्या शोधतात. मध्यपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, जिथे कण्याजवळ जाड होतं, तिथून प्रत्येक डुकराचा किमान 1 ग्रॅम तुकडा घेतात. शंभर डुकरांचे तुकडे एकत्र बारीक करतात. 46 ते 48 अंशांच्या 2 लिटर पाण्यात आधी 25 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल 16 मिलिलिटर आणि मगच 10 ग्रॅम पेप्सीन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, घालतात. हा क्रम बदलला तर पेप्सीन निकामी होतं. मांस घालून अर्धा तास ढवळलं, की द्रव 180 मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळतात. मूळ वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त मांस चाळणीवर उरलं तर पचन अपुरं झालं असं समजतात. अळ्या त्या तुकड्यांतच अडकून राहिलेल्या असू शकतात. अर्ध्या तासाने तळाशी बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अळी दिसली तर त्या गटातल्या डुकरांचे नवे, मोठे नमुने घेऊन दोषी डुक्कर गाठावं लागतं.

साल्मोनेला आणि येर्सिनिया हे जिवाणू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. पूर्वी डुकराच्या जबड्याखालच्या लसीकाग्रंथी सुरीने चिरून पाहत, आणि त्याच सुरीने हे जिवाणू एका धडावरून दुसऱ्यावर जात. म्हणून जून 2014 पासून डुकरांची नेहमीची तपासणी हात न लावता, फक्त नजरेने होते. शंका आली तरच चिरतात. गायीगुरांच्या गालाच्या स्नायूंवर छेद घेणं मात्र चालू राहिलं, कारण तिथे फीतकृमीच्या पुटकुळ्या दिसू शकतात.

बाकीची लढाई विष्ठेशी असते. आतडं फुटलं किंवा गुदद्वार नीट बांधलं नाही, की धडावर डाग पडतो. तो भाग कापून टाकणं उत्तम, कारण पाण्याच्या फवाऱ्याने घाण आणखी पसरू शकते. सुऱ्या किमान 82 अंशांच्या पाण्यात किंवा तितक्याच परिणामकारक पद्धतीने निर्जंतुक कराव्या लागतात. धड आतपर्यंत 7 अंशांवर आणि काळीज-मूत्रपिंडं 3 अंशांवर उतरवावी लागतात.

हे नियम पाळवून घ्यायला अधिकार हवा. गडबड दिसली तर पशुवैद्यक कापणीचा वेग कमी करायला लावू शकतो. मालकाला तासागणिक तोटा होत असताना हे सांगणारा माणूस मालकाच्याच पगारावर असता कामा नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. कोंबड्या आणि सशांच्या बाबतीत मात्र कायदा कत्तलखान्याच्या कर्मचाऱ्यांनाही मदतीला घेऊ देतो. अट अशी, की ते प्रशिक्षित असावेत, उत्पादनाच्या कामापासून स्वतंत्र असावेत आणि सरकारी पशुवैद्यकाच्या हजेरीत, त्याच्या सूचनांनुसार काम करावं. संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत कडक नजर याच सवलतीवर हवी.