खांब फिरतो जागच्या जागी, पट्टे चढतात वर

सलूनच्या दाराशी काचेच्या नळीत फिरणारा लाल-पांढरा खांब थोडा वेळ थांबून बघा. पट्टे तळातून निघतात, सरसर वर चढतात आणि टोपणाखाली नाहीसे होतात. प्रत्यक्षात मोटर खांबाला जागच्या जागी फिरवत असते. त्यावरचा रंगाचा एक कणही वर सरकत नाही!

हा खांब मूळचा युरोपातला. मध्ययुगात तिथले न्हावी दाढी-केसांबरोबर दात उपटायचे, गळवं फोडायचे आणि शीर कापून रक्तही काढायचे. रोगी हातात काठी घट्ट आवळून धरी, म्हणजे शिरा टरारून फुगत. मग तीच काठी, रक्ताचे डाग पडलेल्या पट्ट्या गुंडाळून, दाराबाहेर टांगली जाई आणि तिचीच पुढे धंद्याची खूण झाली, असं मानतात. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० साली, न्हावी आणि शल्यविशारद एकाच संघात आले. १७४५ साली वेगळे झाले. खांब न्हाव्यांकडेच राहिला.

आता पट्ट्यांचं चढणं. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. मेंदूच्या दृष्टिकेंद्रातली सुरुवातीची प्रत्येक पेशी दृश्याचा एवढासा तुकडा पाहते, जणू दाराच्या फटीतून. फटीतून लांब तिरकी रेघ सरकताना दिसली, तर ती आडवी गेली की उभी, हे कळायला मार्गच नसतो. दोन्ही अगदी सारखंच दिसतं. मग मेंदू रेघांच्या टोकांवर भिस्त ठेवतो. नळी उंच आणि अरुंद, त्यामुळे बहुतेक टोकं उभ्या कडांवरून वर सरकतात, आणि आपल्याला अख्खा पट्टाच चढताना दिसतो. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली, रेघा ज्या खिडकीतून दिसतात तिचा आकार बदलला की गतीची दिशा कशी बदलते, ते बारकाईने तपासलं.

हे घरीही करता येतं. कागदावर एकमेकांच्या जवळ तिरके पट्टे ओढून तो बाटलीभोवती चिकटवा आणि बाटली उभी धरून फिरवा. पट्टे चढतील, उलटी फिरवली तर उतरतील. पुठ्ठ्यात सेंटिमीटरभर उंचीची लांब आडवी खाच कापून तिच्यातून पाहा: तेच पट्टे आता बाजूला धावतात. शेवटी पुठ्ठा काढून एका पट्ट्यावर शाईचा ठळक ठिपका द्या. पट्टा चढतच राहतो, ठिपका मात्र दर फेरीला त्याच उंचीवरून आडवा जातो.