कोल्हापूरची गाडी स्वस्त पडते म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी नवीन गाडी बघायला लागलं की कोणतरी सांगतंयच, कोल्हापुरात घे, एमएच ०९ पासिंग कर, लाखभर वाचतात. टॅक्सचा फरक खरा आहे, ५ ते १० लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात १४ टक्के आणि वर सेस, तिकडं ११. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणं तुम्ही राहता किंवा धंदा करता आणि गाडी जिथं ठेवता त्याच राज्यातलं रजिस्ट्रेशन लागतं, पाहुण्यांच्या पत्त्यावर करून इथं फिरवली तर कलम ४७ आहेच, १२ महिन्यांवर नवा नंबर घ्या, इथला टॅक्स भरा, तिकडच्या रिफंडसाठी हेलपाटे घाला ते वेगळंच.

जीएसटी देशभर सारखाच. म्हणून पैसे सुटतात ते डीलरच्या डिस्काउंटमध्ये, एक्स्चेंज बोनसमध्ये, अ‍ॅक्सेसरीजमध्ये आणि इन्शुरन्समध्ये (शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन दाखवा, आकडा कसा खाली येतो बघा). हँडलिंग चार्जेस तर सरळ काढायलाच लावायचे. कोल्हापूरचा डीलर खरंच जास्त सोडत असेल तर तिथनं टेम्पररी रजिस्ट्रेशनवर गाडी आणून इथं कर्नाटकचं (बेळगावला केए २२) पासिंग करता येतं, नाहीतर तेच कोटेशन इथल्या सेल्समनच्या टेबलावर ठेवायचं, शक्यतो महिनाअखेरीला.