एका नावाला एकच जागा: आरपीजीतल्या नावांच्या टकरीमागचा इतिहास

साखर कारखान्याच्या ऊस बिलात गावाचा कोड दोनदा लागतो. एक सभासदाच्या घराचा, दुसरा ऊस जिथे उभा आहे त्या शेताचा. सभासद वाळवा तालुक्यातला आणि प्लॉट पलूस तालुक्यात, हे सांगली जिल्ह्यात नेहमीचंच. आता दोन्ही फाईलींत फील्डचं नाव 'गावकोड' आहे आणि प्रोग्राम जुन्या आरपीजीत, म्हणजे अहवाल बनवण्यासाठी आयबीएमने काढलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, लिहिलाय असं धरा. सभासदाची नोंद वाचून मिळालेला कोड प्लॉटची नोंद वाचताच पुसला जातो, कारण अख्ख्या प्रोग्रामात एका नावाला मेमरीत एकच जागा. दोन फील्डची लांबी वेगळी असली तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, अडवतो. सारखी असली तर चकार शब्द काढत नाही, आणि वाहतुकीचा दर भलत्याच गावाचा लागतो.

भाषा बनवणाऱ्यांची ही नजरचूक नव्हती, त्यांना हेच हवं होतं. आयबीएमने 1959 मध्ये 1401 हा संगणक जाहीर केला. पंचकार्डांवर हिशेब करणाऱ्या जुन्या यंत्रांच्या गिऱ्हाइकांना त्यावर आणायचं, तर अहवाल झटपट बनवून देणारी भाषा लागणार होती, तीच आरपीजी. कार्ड वाचा, बेरीज करा, ओळ छापा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फील्डचं नाव एकच ठेवलं की मजकूर आपोआप पोहोचायचा, हलवाहलवीची एक ओळही लिहावी लागत नसे. एका फाईलीच्या अहवालाला ही सोय उत्तमच होती.

कोबॉल या व्यापारी हिशेबांच्या दुसऱ्या भाषेने त्याच सुमारास, 1960 च्या पहिल्या आराखड्यातच, दुसरी वाट धरली. तिथे 'सभासदाचा गावकोड' असं मालकासकट लिहिता येई. टपालाच्या पत्त्यात 'वडगाव, ता. कराड' लिहावं तसं. आरपीजीवाल्यांना मात्र नावच बदलावं लागे, वडगाव हवेली आणि वडगाव जयराम स्वामी यांच्यासारखं. तेही सहा अक्षरांत! सभासद फाईलच्या प्रत्येक फील्डला 'एसबी', प्लॉटच्या फील्डला 'पीएल' असा दोन अक्षरी उपसर्ग लावला की अर्थासाठी उरायची चार.

आयबीएमच्याच 1978 च्या सिस्टीम/38 या संगणकाने हे दुखणं वाढवलं, असं माझं मत. फील्डची व्याख्या आता प्रोग्रामबाहेर, डेटाबेसमध्ये गेली आणि सगळे प्रोग्राम तिथूनच नावं उचलू लागले. सोय मोठी होती, पण प्रोग्रामरचा उपसर्गही डेटाबेसमध्ये कायमचा जाऊन बसला. 1994 मध्ये आलेल्या आरपीजी फोरने नावं दहा अक्षरांपर्यंत वाढवली. फाईलीतल्या फील्डच्या नावांना प्रोग्रामापुरता उपसर्ग जोडणारा 'प्रीफिक्स' हा कीवर्डही मिळाला. नावांची दाटी कमी झाली, जागा मात्र सामाईकच राहिली.

खरा बदल म्हणून 2001 सांगतात. त्या वर्षीच्या आवृत्तीत डेटा स्ट्रक्चरला, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डच्या गटाला, 'क्वालिफाइड' (नाव मालकासकटच घ्यायचं) असं लावता येऊ लागलं, आणि 'सभासद.गावकोड' व 'प्लॉट.गावकोड' एका प्रोग्रामात शेजारी नांदू लागले. पण फाईल वाचताना फील्ड अजून सामाईक जागेतच उतरत होती. 2002 मध्ये नोंद थेट डेटा स्ट्रक्चरमध्ये वाचता येऊ लागली, डेटा स्ट्रक्चरचे ॲरेही (एकाच प्रकारच्या गटांची यादी) आले. तरी फाईल घोषित केली की तिची सामाईक फील्ड तयार व्हायचीच. फाईललाच 'क्वालिफाइड' म्हणायची सोय 2008 च्या आवृत्तीत मिळाली, तेव्हा कुठे ही टक्कर मुळातून टाळता आली. म्हणून मी 2008 हेच वर्ष धरतो.

उपसर्ग मात्र गेले नाहीत. चालत्या डेटाबेसमधली फील्डची नावं बदलायला गळीत हंगाम सोडाच, ऑफ सीझनलाही कुणी धजावत नाही. मग नव्या कोडमध्ये 'सभासद.एसबीगाव' अशी दुहेरी ओळख दिसते. 2006 मध्ये सारख्या नावाची फील्ड एका डेटा स्ट्रक्चरमधून दुसऱ्यात एकदम उतरवणारी 'इव्हॅल-कॉर' ही सूचना आली. तिला नावं जुळलेली लागतात. त्यामुळे ज्या 'प्रीफिक्स'ने एकेकाळी अक्षरं जोडली, त्याच कीवर्डला आता पहिली दोन अक्षरं छाटायला सांगतात.