बुडवली युद्धनौका की झाला प्रवाळखडक?

‘जुनी युद्धनौका म्हणजे नुसतं लोखंड. समुद्रात सोडा, मासे आपसूक घर करतील,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. मासे येतात, हे खरं. पण नौका नुसतं लोखंड नसते. जुन्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याचे बारीक तंतू फुफ्फुसाला घातक असतात), शिशाचे रंग, तेलाचा गाळ आणि केबलच्या आवरणात पीसीबी हे चिवट विषारी रसायन असतं.

अमेरिकेने २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ कृत्रिम प्रवाळखडक म्हणून मुद्दाम बुडवली, तीही आधी साफसफाई करून. तरी सुमारे ३२० किलो पीसीबी आतच राहिलं. ते विरघळून जात नाही, माशांच्या चरबीत साठत जातं.

ब्राझीलच्या ‘साओ पाउलो’ या विमानवाहू नौकेला तर खडकाचं निमित्तही नव्हतं. ती तोडणीसाठी तुर्कस्तानला निघाली होती, पण अ‍ॅस्बेस्टॉसच्या भीतीने तुर्कस्तानने तिला दार बंद केलं, मग ब्राझीलनेही आपल्या बंदरात घेतलं नाही. अखेर ३ फेब्रुवारी २०२३ ला ती अटलांटिकमध्ये सुमारे ५,००० मीटर खोलीवर बुडवण्यात आली. तिथे सूर्यप्रकाशच पोचत नाही, उथळ पाण्यातला रंगीत प्रवाळ कुठून येणार?

आपली जुनी ‘विक्रांत’ मात्र मुंबईत दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली गेली. तोडणीतही धोका आहेच, फक्त तो कामगाराच्या फुफ्फुसात जातो.