हक्सलीच्या टोल्याने बिशप गारद झाला होता का?

उत्क्रांतिवादाची ही गोष्ट अजून सर्रास सांगितली जाते. उत्क्रांतिवादाला विरोध करणाऱ्या बिशप विल्बरफोर्सने डार्विनचा पाठीराखा जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली याला विचारलं, ‘माकडाशी तुमचं नातं आजोबांकडून की आजीकडून?’ हक्सलीने असा टोला हाणला की बिशप जागीच गारद!

३० जून १८६० ची ऑक्सफर्डची ती सभा खरी. पण भाषणांची शब्दशः नोंद नाही, आणि संवादाला रंग चढला तो पुढच्या आठवणींतून. एक गाजलेली आठवण छापली गेली थेट १८९८ साली. सभेत बोललेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने मात्र दोनच दिवसांत डार्विनला कळवलं: हक्सलीचा आवाज त्या गर्दीत पोचलाच नाही, बिशपचा समाचार मीच घेतला. त्याने तो वनस्पतिशास्त्राच्या आधारे घेतला, म्हणजे पुराव्यानिशी, आणि नेमका हाच भाग गोष्टीतून गळतो, याचं मला वाईट वाटतं.

विल्बरफोर्सही निर्बुद्ध नव्हता. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाचं त्याने लिहिलेलं परीक्षण चतुर आहे, पुस्तकातल्या कच्च्या जागा ते नेमक्या हेरतं, असं खुद्द डार्विननेच म्हटलं होतं.

आणि हक्सलीचं उत्तर? त्याच वर्षीच्या पत्रात तो सांगतो: गंभीर शास्त्रीय चर्चेत थट्टा घुसवण्यासाठी आपली बुद्धी वापरणाऱ्या माणसापेक्षा मला माकड आजोबा म्हणून चालेल. त्याचा रोख थट्टेवरच होता.