उकाडा, ढग आणि मुलांची किरकिर

उकाडा वाढला किंवा दिवसभर पाऊस लागून राहिला की लहान मुले नेहमीपेक्षा अधिक किरकिरतात, ही तक्रार पाळणाघरांत आणि बालवाड्यांत सर्रास ऐकू येते. ती निराधार नाही. मात्र हवामान थेट मुलाच्या मनावर परिणाम करते असे समजण्यापेक्षा, ते आधी त्याच्या शरीराला, झोपेला आणि खेळाला बाधा आणते व मनःस्थिती त्यामागोमाग बिघडते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उष्णतेच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण 35 अंश सेल्सिअसहून, वर गेले की बाहेरची उष्णता त्याच्या शरीरात लवकर शिरते. शिवाय मुलांच्या एकेका घामग्रंथीतून निघणारा घामही मोठ्यांपेक्षा कमी असतो. दोन वर्षांच्या मुलाला या अस्वस्थतेचे कारण ओळखून सांगता येत नाही. ते कपडे ओढते, जेवण ढकलून देते, हातातले खेळणे भिरकावते आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

खरा घाला पडतो तो झोपेवर. झोप लागण्याच्या सुमारास हातापायांच्या त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो, शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते आणि आतील तापमान किंचित उतरते. दमट रात्री घाम सुकत नाही, त्यामुळे ही उतरण रेंगाळते व मूल वारंवार जागे होते. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास आणि 3 ते 5 वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप हवी. झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो, पण लहान मूल पुष्कळदा उलट अधिकच उधळते आणि क्षुल्लक कारणावरून रडू लागते, कारण भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात अजून पुष्कळच अपरिपक्व असतो.

ढगाळ दिवसांविषयी मात्र एक गैरसमज रूढ आहे. अंधारून आल्यामुळे मुले मलूल होतात असे म्हटले जाते. पण भर दुपारी ढगांखालीही सहसा काही हजार लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर घरातील खोलीत तो बहुधा 100 ते 500 लक्सच असतो. म्हणजे प्रकाश हिरावला जातो तो ढगांमुळे कमी आणि दार लावून घेतल्यामुळे जास्त. दिवस असा मंद उजेडात गेला आणि संध्याकाळी झगझगीत दिवे लावले, तर शरीराची झोपेची वेळ पुढे ढकलली जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपेच्या वेळेआधी तासभर सुमारे 1000 लक्स प्रकाशात बसवलेल्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांमध्ये मेलॅटोनिन हे निद्रासूचक संप्रेरक जवळजवळ 88 टक्क्यांनी घटले. मुले केवळ 10 होती, तरी घट दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती.

घरात कोंडल्याने हालचालही आटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 1 ते 4 वर्षांच्या मुलांची दिवसातून किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल व्हायला हवी; ती बंद खोलीत भागवायची म्हणजे सोफ्यावरून उड्या आल्याच.

वायुदाबातील चढउतारांना मुलांच्या चिडचिडीचे कारण ठरवणारे दावे मला फारसे पटत नाहीत. साधारण 85 मीटर उंच गेल्यावरही दाब 10 हेक्टोपास्कलने (वायुदाब मोजण्याचे एकक) उतरतो, आणि उंच इमारतीच्या लिफ्टमधून वर जाणारे प्रत्येक मूल काही आक्रस्ताळे होत नाही.

या सगळ्यात मोठी माणसे कुठे आहेत, हा प्रश्न बहुधा सुटून जातो. एडविन डेक्स्टर या अमेरिकी संशोधकाने शतकाहून अधिक काळापूर्वी डेन्व्हरच्या शाळांतील शारीरिक शिक्षांच्या नोंदी रोजच्या हवामानाशी ताडून पाहिल्या आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी शिक्षा वाढलेल्या त्याला आढळल्या. पण छडी उगारणारे शिक्षकही त्याच वाऱ्यात होते. त्या आकड्यांत मुलांचा दंगा किती आणि गुरुजींचा चढलेला पारा किती, हे वेगळे काढता येत नाही. पालकांकडून प्रश्नावली भरून घेणाऱ्या आजच्या अभ्यासांनाही हाच दोष चिकटतो, कारण उकाड्याने रात्रभर तळमळलेली आईच सकाळी मुलाच्या चिडचिडीला गुण देत असते. म्हणून काही संशोधक आता मुलांच्या मनगटावर किंवा कमरेवर हालचाल नोंदवणारे पट्टे बांधतात. त्यांतून मूल किती धावले हे नेमके कळते, किती रुसले हे मात्र अजूनही मोठ्यांनाच विचारावे लागते.