अरविंद गुप्तांचे विज्ञान खेळण्यांचे व्हिडिओ

टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची हे दाखवणारे छोटे छोटे व्हिडिओ, अगदी एकदोन मिनिटांचे सुद्धा, आणि सोबत पीडीएफ पुस्तकांचा मोठा खजिना. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर आणि यूट्यूबवर हे सगळं फुकट आहे. मराठीतले पण भरपूर आहेत, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत लावले तरी मुलांना भाषा आडवी येत नाही.

हे काम व्हिडिओच्या कितीतरी आधीचं आहे. १९७५ ला आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन गुप्ता पुण्यात टेल्कोला (आताची टाटा मोटर्स) लागले, १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले, तिथे खेड्यातल्या शाळांत प्रयोग करून विज्ञान शिकवायचं काम चालू होतं, आणि आठवडी बाजारात जे स्वस्तात मिळेल त्यातून काय करता येईल या खटपटीत सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या ही जोडी जमली. ट्यूबचे बारके तुकडे म्हणजे सांधे, त्यात काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावलं की तिरपा होतो, आणि विजेच्या टॉवरला इतके त्रिकोण कशाला लागतात ते मुलांच्या हातालाच कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

२००३ ते २०१४ ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. व्हिडिओंचं मोठं काम तिथल्या टीमसोबत झालं. शोधिकेच्या इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षीतला तारा पण आणि पुलंची आठवण पण. २०१८ ला गुप्तांना पद्मश्री मिळाली.

वर्गात पहिल्यांदा लावायचा असेल तर स्ट्रॉच्या पिपाणीचा लावा. स्ट्रॉचं एक टोक दाताने चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं, ते तोंडात धरून फुंकायचं. पहिल्या फुंकीला नुसती हवा जाते, मग जरा आत धरून पाहिलं की एकदम पिपाणी वाजते आणि अख्खा वर्ग हसतो. वाजता वाजताच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने कापत गेलं की आवाज बारीक बारीक होत जातो, नळीतला हवेचा स्तंभ आखूड झाला की कंपनं वाढतात हे पुस्तकातलं वाक्य मग आपोआप पटतं.

म्हणून हे व्हिडिओ नुसते प्रोजेक्टरवर दाखवून बंद करणं मला तरी वाया घालवल्यासारखं वाटतं. एकदा पूर्ण दाखवायचा, मग थांबवत थांबवत, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःची स्ट्रॉ पाहिजे. शाळेत नेटचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशीच घरी मोबाईलमध्ये ऑफलाइन घेऊन ठेवायचा, आणि कात्र्या मोजून न्यायच्या.